फुकटचा कढीपत्ता

ज्याच्या घरामागे परसबाग आहे, त्याला काहीही विचारावं. तब्येत विचारावी, पोरांच्या नोकऱ्या विचाराव्यात, चार लोकांत पगार विचारला तरी चालेल. पण तो ताटातल्या भरल्या वांग्याकडे बोट दाखवून ‘घरचं आहे’ म्हणाला, की ‘कितीला पडलं?’ असं विचारू नये. सभ्य माणसं हा प्रश्न विचारत नाहीत. फक्त सासरे विचारतात. माझे सासरे सांगलीचे आणि त्यांची वांगी कृष्णाकाठची, त्यामुळे हा अधिकार त्यांना नात्यानेही मिळतो आणि मातीनेही.

आमच्या परसबागेचं मूळ पाच रुपयांत आहे. साताऱ्याच्या मंडईत पिशवीभर भाजी घेऊन झाली आणि मी रिवाजाप्रमाणे पिशवीचं तोंड उघडं धरून म्हटलं, “मावशी, वर थोडा कढीपत्ता टाका.”

“पाच रुपये.”

“कशाचे?”

“कढीपत्त्याचे.”

“अहो, कढीपत्त्याचे कधी पैसे घेतात का?”

“मला काय झाडानं फुकट दिलाय व्हय?” मावशी म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

आता यात माझं काय चुकलं? भाजी आपण पैसे मोजून घेतो ती नाइलाज म्हणून. मंडईचा खरा आनंद त्या ‘वरच्या’त असतो. तीनशे रुपयांची भाजी घेतल्याचं दुःख वर पडलेल्या चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या क्षणात पुसून टाकतात. तो ‘वर’च बंद झाला, तर मध्यमवर्गाने मंडईत जायचं कशाला? मी तरातरा घरी आलो आणि पिशवी खाली ठेवायच्या आत जाहीर केलं, “आजपासून या घरात विकतचा कढीपत्ता येणार नाही.”

“बरं,” ही म्हणाली. “मग आज आमटीत काय टाकू? निश्चय?”

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. घरामागे वडिलोपार्जित परस आहे. आजवर तिथे धुण्याचा दगड, कपडे वाळत घालायची तार आणि मोरीच्या पाण्यावर आपोआप वाढलेलं अळू, एवढंच होतं. कुदळ मारली, तर ठिणगी उडाली. अलंकारिक नव्हे, खरीच. हा किल्ला शिलाहार राजा भोजाने बांधला म्हणतात. त्याला पायासाठी दगड शोधत हिंडावं लागलं नसणार. त्याला बहुतेक आमच्या परसात काम करणारा गवंडीच हवा होता. अर्धा दिवस कुदळ चालवल्यावर जो खड्डा झाला, त्यात कढीपत्त्याचं रोप सोडाच, रोपाचं नावही नीट बसलं नसतं. संध्याकाळी सांगलीला फोन गेला. मी केला नाही, हिने केला.

“साताऱ्यात माती असते का?” सासऱ्यांनी गंभीरपणे विचारलं.

सांगलीकरांना आपल्या काळ्या मातीचा अभिमान आहे. असू दे. पण कृष्णा उगवते क्षेत्र महाबळेश्वरला, आमच्या जिल्ह्यात. तिथून वाई, माहुली, कराड अशी येताना आमच्या डोंगरांची बरीवाईट सगळी माती धुऊन घेते, आणि सांगलीत पोचली की निवांत पसरून खाली ठेवते. मी त्यांना तसं सांगितलं. उगम आमचा, गाळ तुमचा. तुमची माती म्हणजे मूळची आमचीच.

“मग आता परत मागताय म्हणा की.”

पुढच्या रविवारी सासरे स्वतः पोतं घेऊन आले. पेठनाक्यापर्यंत पोतं त्यांच्या पायाशी होतं. तिथे कंडक्टरचं लक्ष गेलं. तो संवाद त्यांनी आमच्याकडे आल्यावर सादर केला, आणि त्यानंतर आमच्या प्रत्येक लग्नकार्यात तो होतो.

“पोत्यात काय हाय, आजोबा?”

“माती.”

“माती? कुठं निघाली माती?”

“साताऱ्याला. जावयाकडं.”

कंडक्टर थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, “तिकडं माती संपली का जावई?”

लगेजचं तिकीट सासऱ्यांनी माझ्यासमोर ठेवलं. ते हिने वहीत चिकटवलं. परसबागेच्या खर्चाची वही त्या दिवशी उघडली.

काटकसरीची परसबाग करायची म्हणजे काही विकत आणायचं नाही, हे पहिलं कलम. बियाणं स्वयंपाकघरात असतंच. मेथी डब्यात, मिरचीचं बी वाळल्या मिरचीत, टोमॅटोचं सडक्या टोमॅटोत. धणे मात्र तसेच पेरायचे नाहीत. एका धण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या कराव्या लागतात. फरशीवर धणे पसरून वरून हलक्या हाताने चप्पल फिरवली की ते बरोबर दुभंगतात. ही विद्या सासूबाईंची. मी ओसरीवर बसून हातात चप्पल घेऊन धणे रगडत होतो, तेव्हा पोस्टमन आला. त्याने पत्र दिलं, माझ्याकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं आणि सही न घेताच गेला.

कुंड्याही विकत आणायच्या नव्हत्या. रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, फुटका माठ, तडा गेलेलं वॉशबेसिन, मुलाचं जुनं हेल्मेट. हेल्मेटमध्ये पुदिना उत्तम येतो. दुधाच्या पिशव्या धुऊन रोपांसाठी ठेवायचं ठरलं, तेव्हा त्या पिशव्यांसाठी आमचं दूध अर्ध्या लिटरने वाढलं. जास्तीच्या दुधाचं दही, दह्याचं ताक, आणि ताक आंबवून टोमॅटोवर फवारायचं. एवढं करून टोमॅटोंनी आम्हाला जो रस दाखवला, त्यापेक्षा ताक प्यायलो असतो तर बरं झालं असतं, असं हिचं मत आहे.

घेवड्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. आमच्या जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा नामांकित आहे. दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून वाघ्या. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. एका मित्राने त्याच्या शेतातले मूठभर दाणे दिले. ते उगवले, फुलले, आणि मावा पडला. एका रात्रीत शेंडे काळे. आमच्या वाघ्याचं मांजर झालं. बोळात एक निवृत्त मास्तर राहतात, ते पाहायला आले.

“राख मारा,” ते म्हणाले. “पहाटे दव असताना चाळलेली राख धुरळायची. आमच्या लहानपणी दुसरं औषधच नव्हतं.”

“राख कुठून आणू? घरात गॅस आहे.”

“बंबाची राख.”

“बंब माळ्यावर आहे.”

“मग काढा की.”

बंब काढला. त्याची गळती कल्हईवाल्याने बंद केली. बंबाला लाकूड लागतं, म्हणून वखारीतून लाकूड आणलं. फुकटच्या राखेसाठी रोज सकाळी विकतची लाकडं जाळून आम्ही पाणी तापवू लागलो, आणि वर गच्चीत सौर ऊर्जेचं पाणी आपलं आपण तापून गार होऊ लागलं. मावा गेला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. घेवडाही त्याच आठवड्यात गेला, पण त्याचं कारण मोर.

किल्ल्यावर मोर आहेत. ते खाली येतात. पहिल्या दिवशी आमच्या परसात मोर उतरला, तेव्हा सगळ्या घराला कृतकृत्य वाटलं. शेजारच्या वहिनी मोबाइल घेऊन धावत आल्या, त्यांची नणंद आली, नणंदेची मुलं आली. मोराने पिसारा फुलवला. सगळे ‘अहाहा’ म्हणाले. मग त्याने मान वळवून घेवड्याची कोवळी शेंग तोडली आणि खाल्ली. परत ‘अहाहा’.

“अहो, हाकला त्याला!” मी ओरडलो.

“राष्ट्रीय पक्षी आहे तो,” वहिनींनी मला दटावलं. “आणि तुम्ही जरा बाजूला व्हा. फोटोत तुमचा बनियन येतोय.”

त्या फोटोंना गावभरातून शाबासकी मिळाली. वेलीला मिळाली नाही, कारण तोवर फोटोत वेल उरली नव्हती. वानरं वेगळी. ती निदान फोटोसाठी थांबत नाहीत. वस्तू उचलतात आणि जातात. एका वानराने हेल्मेटसकट पुदिना नेला. तो पुढे नाक्यावरच्या लिंबावर कितीतरी दिवस दिसत होता.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? हिचंही तेच म्हणणं. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार आहे. 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव लागलं. जांभ्याच्या सड्यावर बोटभर माती, पावसाळा संपता संपता तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवं फुलून सगळा सडा जांभळा-पिवळा होतो. लोक तिकीट काढून बघायला येतात. तिथे उभं राहून ही मला म्हणाली, “इथं कोण ताक फवारतं?”

मी इकडेतिकडे बघायला लागलो.

“इथं कुणी धणे रगडत बसलेलं दिसत नाही. कुणी राख मारत नाही. कुणी सांगलीहून माती आणलेली नाही.”

कासमध्ये दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती आहे. ती आपल्या चिकट पानांवर किडे पकडते आणि खाते. कासमधली वनस्पती उपटायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण त्या दवबिंदूकडे मी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेवरून तिथल्या पहारेकऱ्याला संशय आला आणि तो आम्ही गाडीत बसेपर्यंत मागोमाग चालत राहिला.

आता हळद. सासूबाईंचं म्हणणं, बाकी काही येवो न येवो, सांगलीच्या मुलीच्या परसात हळद हवीच. सांगलीचा हळदीचा बाजार देशभर नावाजलेला, 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. शेजारच्या हरिपुरात पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. वर्षानुवर्षं ती तिथे राहायची, ना किडा ना भुंगा. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली पुष्कळ पेवं गेली. एवढा सगळा इतिहास ऐकवून सासूबाईंनी आमच्या पदरात हळदीचं बेणं घातलं. अक्षय्य तृतीयेला लावलं. नऊ महिने आम्ही त्याची सगळी बडदास्त ठेवली. काढलं, शिजवलं, गच्चीवर वाळवलं, खलबत्त्यात कुटलं. ती हळद भरायला पेव म्हणून हिने होमिओपॅथीची बाटली काढली, आणि ती अर्धी भरली. ती हळद देवाला वाहतात, आणि पाहुण्यांना लांबून दाखवतात.

पावसाळ्यात मात्र सांगलीचा फोन वेगळ्या कारणासाठी येतो. कोयना धरण सातारा जिल्ह्यात आणि जावई सातारा जिल्ह्यात, तेव्हा या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध असणार, अशी सासऱ्यांची पक्की समजूत आहे.

“कोयनेचे दरवाजे किती फूट उचललेत?”

“मी पाहिले नाहीत.”

“मग साताऱ्यात राहून करता काय?”

सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर धोका. हे आकडे तिथल्या पोरांना बे एकं बेच्या आधी येतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. सासुरवाडीची माणसं तेव्हा आमच्याकडे होती. सासरे दिवसभर टीव्हीपुढे बसून घरच्या पायऱ्या मोजायचे. पाणी ओसरल्यावर घर धुवायला आम्ही गेलो, तर परसात गुडघाभर गाळ. तो उपसताना कुणालाच हसू येत नव्हतं. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाजात जुनी ऐट होती. “वांगी बघायला या. एकेक असलं धरलंय की देठ मोडतोय. तुमच्याकडची माती यंदा जरा जास्तच पाठवलीत.”

फुलांकडे वळतो, कारण भाजीपेक्षा फुलांनी माणसं जास्त ओळखायला लावली.

जास्वंद, तगर, कण्हेर, गुलबक्षी, अबोली, कोपऱ्यात सोनटक्का. फुलझाडांना खर्च नाही. रोपवाटिकेतून विकत आणलेलं झाड रुसतं, मागून आणलेलं झाड विचार करतं, आणि चोरून आणलेली फांदी कुठेही खोचली तरी फुटते, ही समजूत मला मान्य नव्हती. पण हिच्या पर्समध्ये ब्लेड असतं, ते मला वाईच्या एका बारशात कळलं. पाळणा म्हणून होईपर्यंत हिने यजमानांच्या दारातल्या मोगऱ्याची डहाळी कापून ओल्या रुमालात गुंडाळली होती. गुलबक्षीचं काळं बी तर कुठल्याही मांडवात वाकून चप्पल घालता घालता गोळा होतं. आमच्या परसातल्या प्रत्येक फुलझाडामागे एक नातेवाईक आहे, आणि त्याला याची कल्पना नाही.

असो. अशा शुद्ध मार्गाने जमवलेली ही बाग फुलू लागली, आणि पहाटे फाटक वाजू लागलं.

पहाटे फिरायला जाणारी माणसं आरोग्यासाठी फिरतात, असा माझा समज होता. ती दुसऱ्यांच्या कुंपणांसाठी फिरतात. एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात टोकाला तार वाकवून केलेली आकडी, डोक्याला कानटोपी. आकडी फांदीत अडकते, फांदी खाली येते, फुलं पिशवीत जातात, फांदी सटकन वर जाते. या सगळ्यात रामरक्षा कुठेही तुटत नाही. मी सहाला उठलो तर झाड बोडकं. साडेपाचला उठलो तर बोडकं. शेवटी अंधारात खुर्ची टाकून बसलो. कुंपणाच्या भिंतीवर हालचाल झाली. बॅटरी मारली, तर सत्तरीच्या एक आजी भिंतीवर चढून बसलेल्या.

“कोण आहे?” मी दरडावलं.

“आलात? बरं झालं,” आजी म्हणाल्या. “ती वरची फांदी जरा खाली धरा. माझा हात पुरेना.”

मी फांदी खाली धरली. का धरली ते मला अजून सांगता येत नाही. आवाजात असं काही होतं की तिथे शाळामास्तर असता तरी त्याने धरली असती. आजींनी सावकाश, निवडून निवडून फुलं घेतली, कळ्यांना हात लावला नाही.

“आजी, पण ही आमची फुलं आहेत.”

“मग? तुमच्या फुलांचं पुण्य तुम्हालाच मिळतं. मी नुसती नेऊन वाहते.” भिंतीवरून उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. “आणि तगर अजून एक लावा. सोमवारी शंकराला पांढरं लागतं. तुमच्याकडं सगळं तांबडंच.”

तगर लावली.

मग पाटी लावली. ‘येथील फुले तोडु नयेत.’ दुसऱ्या दिवशी झाड रिकामं होतं आणि पाटीवरच्या ‘तोडु’ला कुणीतरी खडूने दीर्घ ऊकार दिला होता. अक्षर वळणदार. मास्तरांच्या बोळातलं. मी काही बोललो नाही, कारण मास्तर राख फुकट सांगतात आणि ऊकार तर खरंच ऱ्हस्व होता.

दसऱ्याला झेंडूचा भाव चढतो म्हणून मी झेंडू हिशेबाने लावला होता. हिशेब पंधरा दिवसांनी हुकला आणि झेंडू पितृपक्षात भरभरून फुलला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत झेंडूचे ढीग. माझ्या झाडांवर वाळकी बोंडं. हार विकतचाच आला. त्या काळात आकडीवालेही फिरकले नाहीत. मला ते जरा लागलंच.

आता दुधी.

दुधीचं एक आहे. तो येत नाही तोवर येत नाही आणि येतो तेव्हा थांबत नाही. श्रावणात आमच्या मांडवाला एकदम इतके दुधी लटकले की तार वाकली. पहिल्या दुधीची दृष्ट काढली. दुसऱ्याचा हलवा झाला. मग थालीपीठ, कोफ्ते, मुठिया, दुधीचं धिरडं, आणि एका सकाळी चहाच्या कपात हिरवट काहीतरी आलं. ते पोटाला चांगलं असतं असं कळलं. मुलाने कोल्हापूरच्या मित्राकडे अभ्यासाला जायचं ठरवलं. मुलाला अभ्यासाची इतकी ओढ त्याआधी नव्हती, त्यानंतरही दिसली नाही.

उरलेले दुधी वाटायचे ठरले. अडचण अशी की सगळ्या बोळात ज्याच्याकडे दोन फूट जागा आहे, त्याने दुधी लावलेला असतो. श्रावणात आमच्या भागात कुणी कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही आणि रिकाम्या हाताने परतही येत नाही. पिशवी दिसली की लोक दाराआडून ‘घरात कुणी नाही’ असं स्वतःच सांगतात. मी पहाटे अंधारात चार दारांबाहेर एकेक दुधी ठेवून आलो. आठवड्याने शेजारच्या वहिनी हसतमुखाने दारात उभ्या. हातात दुधी.

“घरचा आहे हं. खत-औषध काही नाही. अगदी कोवळा आहे, बघा नख लावून.”

नख लावायची गरज नव्हती. देठाजवळ माझ्याच अंगठ्याच्या नखाची चंद्रकोर होती, आता जरा तपकिरी झालेली. तिच्या खाली आणखी तीन नखांच्या खुणा होत्या. म्हणजे मधल्या प्रत्येक घरात तो कोवळा आहे याची खात्री करून मगच पुढे पाठवला गेला होता. वहिनींना मी मनापासून ‘थँक यू’ म्हटलं. त्या दिवशी आमच्याकडे दुधीची भाजी झाली.

एक दुधी मात्र पानांआड राहिला. दिसला तेव्हा त्याची साल खडखडीत वाळली होती. वाजवला तर टणटण आवाज. सासरे आलेले होते, त्यांना दाखवला.

“मिरजेला द्या,” ते म्हणाले. “तंबोरा होईल.”

मला ते पटलं. मिरजेत सतारी आणि तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या होतात. पूर्वी हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं घडवायला सुरुवात केली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्यालाही मानांकन मिळालं. मी दुधी पिशवीत घालून खरोखरच मिरजेला गेलो. दुकानातल्या कारागिराने तो हातात घेतला, फिरवला, टिचकी मारली. त्याच्यामागे माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे रचलेले होते, एकेक दोन हातांच्या कवेत न मावणारा.

“कुठलं आहे हे?”

“आमच्या परसातलं. सातारा.”

त्याने दुधी परत माझ्या हातात दिला. अगदी अदबीने दिला. “याची पळी होईल, साहेब,” तो म्हणाला.

वहीचा हिशेब ही दर दिवाळीला काढते. खर्चाच्या बाजूला कुदळ, बांबू, पाइप, शेणखत (शेणही आता फुकट राहिलेलं नाही), कल्हई, लाकूड, जास्तीचं दूध, गंजलेली तार लागली म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन, मातीचं एसटीचं तिकीट, मिरजेचं येण्याजाण्याचं भाडं. जमेच्या बाजूला अळू, जे आधीपासून होतंच. वांगी तीन वेळा झाली. त्यांच्या खर्चाला त्यांच्या संख्येने भागलं की जो आकडा येतो, तो आमच्या घरात मोठ्याने उच्चारत नाहीत. कढीपत्त्याचं रोप जिवंत आहे. चांगलं वीतभर वाढलंय. पण त्याला ओरबाडायला हिची सक्त मनाई आहे. ‘लहान आहे अजून, वाढू दे’ म्हणते. म्हणून सध्या मंडईतून आणतो. मावशींनी भाव सात रुपये केलाय.

यंदा तोंडली लावलीत. दुधी बंद, असं आमचं बोलणं झालं होतं. पण मागच्या वर्षीचं बी कुठेतरी सांडलं असणार, धुण्याच्या दगडाजवळ दोन वेल आपोआप आलेत आणि तारेपर्यंत पोचलेत. तेव्हा साताऱ्यात कुणाला दुधी हवे असतील, तर श्रावणात पिशवी घेऊन या. नख लावलेलं चालेल. आणि पहाटे फुलांना येणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. फुलं न्या, तगर आता दोन आहेत. फक्त जाताना फाटकाची कडी लावा. पलीकडच्या वस्तीतल्या शेळ्या सहाला सुटतात.